नियमाची टेस्ट, पडद्याची नव्हे

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बीडीडीचा, म्हणजे वागणुकीच्या उदाहरणांवरून सॉफ्टवेअर घडवण्याचा विषय निघाला आणि या महिन्यात बहुतेक पत्रं त्यावरच आली. ठाणे आणि ट्रान्स-हार्बरच्या पट्ट्यातून सगळ्यांत जास्त. मी स्वतः महापेला टेस्ट ऑटोमेशनचंच काम बघते, त्यामुळे ही दुखणी रोजच्या ओळखीची आहेत. पहिल्या दोन पत्रांना जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्यांची उत्तरंही बरीचशी त्यातच आहेत.

प्रश्न: ताई, आमच्याकडे क्युकंबर (साध्या वाक्यांत लिहिलेली उदाहरणं टेस्ट म्हणून चालवणारं टूल) आणि सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) यांवर सातशेच्या आसपास सिनॅरिओ, म्हणजे अशी उदाहरणं, आहेत. रात्री अकराला रन लावतो, तो सकाळी मी ऐरोलीला उतरेपर्यंत जेमतेम संपतो. रोज साठ-सत्तर लाल, म्हणजे नापास. पुन्हा चालवले की त्यातले निम्मे हिरवे. डेव्हलपर आता रिपोर्ट उघडतसुद्धा नाहीत. मॅनेजर म्हणतात, सगळं प्लेराइटवर नेऊ. न्यावं का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: प्लेराइटचं आधी सांगून टाकते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं, सेलेनियमसारखंच ब्राउझर चालवणारं हे टूल चांगलं आहे. क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, दाबता येण्याजोगं आहे का, हे ते स्वतःच पाहतं. त्यामुळे वाट पाहण्याची बरीचशी कटकट वाचते. पण तुमचा एखादा सिनॅरिओ आदल्या सिनॅरिओने तयार केलेल्या ग्राहकावर अवलंबून असेल, तर तो प्लेराइटमध्येही तसाच पडणार. सातशे सिनॅरिओ नव्या टूलमध्ये हलवायला जे महिने जातील, त्यातला थोडा वेळ आधी छाननीला द्या. मग टूल बदलायचं की नाही ते ठरवा.

छाननी म्हणजे काय, तर एक आठवडा रोजच्या प्रत्येक लाल टेस्टपुढे एकच शब्द लिहायचा: बग (प्रोग्रामची खरी चूक), डेटा, वेट (वाट पाहण्यातली चूक) किंवा सर्व्हर. चर्चा नाही, दुरुस्ती नाही, फक्त नोंद. माझा अनुभव असा की बगचा ढीग सगळ्यांत लहान निघतो, आणि डेटा व वेट हे दोन ढीग डोंगराएवढे. हा कागद मॅनेजरसमोर ठेवला की बोलणं आपोआप टूलवरून कामावर येतं.

वेटचा ढीग आधी उपसा. कोडमध्ये ‘थ्रेड स्लीप’, म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबवणारी आज्ञा, शोधा. एखाद्या लॉगिनच्या स्टेपमध्ये (सिनॅरिओतल्या एका ओळीत) कुणीतरी पाच सेकंदांची झोप घातलेली असते आणि ती स्टेप चारशे सिनॅरिओ वापरत असतात. त्या एका ओळीपायी रन तेहेतीस मिनिटांनी लांबतो, आणि सर्व्हरला सहा सेकंद लागले की टेस्ट तरीही पडते. ठरावीक वेळ थांबू नका, अट पूर्ण होईपर्यंत थांबा: बिलाची रक्कम दिसेपर्यंत, फिरणारं चक्र नाहीसं होईपर्यंत. आणि सेलेनियममध्ये इम्प्लिसिट वेट (पानावरचं काहीही शोधताना लागू होणारी सरसकट वाट) आणि एक्स्प्लिसिट वेट (एका ठरावीक अटीसाठीची वाट) एकत्र वापरत असाल तर ते आजच थांबवा. सेलेनियमच्या स्वतःच्या माहितीपानांतच इशारा आहे की इम्प्लिसिट १० सेकंद आणि एक्स्प्लिसिट १५ सेकंद ठेवले, तर टाइमआउट २० सेकंदांनीही होऊ शकतो. असल्या बेभरवशाच्या वागण्यामागे टीमचे दिवसच्या दिवस जाताना मी पाहिले आहेत.

डेटाच्या ढिगाला एकच कडक नियम. प्रत्येक सिनॅरिओ आपला डेटा आपण तयार करील आणि दुसऱ्याच्या डेटाला हात लावणार नाही. ‘टेस्टयुजर१’ हा सगळ्यांचा सामायिक ग्राहक बंद. नवीन ग्राहक स्क्रीनवरून फॉर्म भरून बनवायचा नाही, एपीआयने, म्हणजे स्क्रीन टाळून थेट सर्व्हरशी बोलून बनवायचा. स्क्रीनवर जिथे मिनिट जातं तिथे एपीआय क्षणात काम करतो. लॉगिनही तसंच. लॉगिनची स्क्रीन तिच्या दोन-चार टेस्टमध्ये तपासा आणि बाकी सगळीकडे एपीआयने सेशन घेऊन कुकी (लॉगिन झाल्याची खूण) ब्राउझरला द्या. सिनॅरिओ असे सुटे झाले की ते एकाच वेळी चार-आठ ब्राउझरमध्ये चालवता येतात. क्युकंबरच्या जावा आवृत्तीत ही सोय २०१८ पासून आहे, पण सामायिक डेटा असेल तर तीच सोय गळ्याशी येते.

आणि मूळ प्रश्न: सातशे सिनॅरिओ ब्राउझरमधून कशाला? माइक कोन यांनी २००९ मध्ये टेस्टचा पिरॅमिड मांडला. तळाशी भरपूर युनिट टेस्ट (कोडच्या एकेका तुकड्याच्या), मध्ये सर्व्हिसच्या (स्क्रीनशिवाय आतल्या सेवांच्या), टोकाला मोजक्या स्क्रीनच्या. बीडीडी करणाऱ्या टीम नेमक्या इथे फसतात, कारण सिनॅरिओ म्हणजे ब्राउझर असं कुणीतरी पहिल्या दिवशी गृहीत धरलेलं असतं. क्युकंबरला ब्राउझर लागतच नाही. स्टेपच्या मागे थेट हिशेबाच्या क्लासला हाक मारता येते, एपीआयला मारता येते. ‘सिनॅरिओ आउटलाइन’ वापरत असाल तर उदाहरणांच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ हा स्वतंत्र सिनॅरिओ असतो, हे ध्यानात ठेवा. बॅकग्राउंड (आधी चालणाऱ्या सामायिक स्टेप) आणि हुक (आधी-नंतर आपोआप चालणारा कोड) दर ओळीला पुन्हा चालतात. तीस ओळींचा तक्ता ब्राउझरमधून प्रत्येकी ४० सेकंदांनी चालला तर वीस मिनिटं, आणि तोच हिशेबाच्या थराला लावला तर चहाचा कप उचलेपर्यंत संपतो.

‘पडली की आपोआप पुन्हा चालवा’ या सोयीबद्दल माझं मत ठाम आहे. ती चालू ठेवायची असेल तर पहिल्या पडण्याची नोंद रिपोर्टात दिसलीच पाहिजे. ज्या टेस्ट लहरीपणे पडतात त्यांना वेगळा टॅग लावा, मुख्य रनमधून बाहेर काढा, प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा. तारखेपर्यंत दुरुस्त झाली नाही तर ती काढून टाका. डेव्हलपर रिपोर्ट उघडत नाहीत यात त्यांचा दोष नाही. लाल म्हणजे खरोखर काहीतरी मोडलंय, अशी खात्री दोन आठवडे मिळू द्या, ते स्वतःहून उघडतील.

प्रश्न: आमची छोटी टीम घोडबंदर रोडला बसून हाउसिंग सोसायट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. सेक्रेटरी आणि त्यांचे अकाउंटंट यांना वाचता यावं म्हणून आम्ही गर्किनमध्ये (क्युकंबरच्या ‘जर-जेव्हा-मग’ अशा वाक्यरचनेत), तेही मराठीत, फीचर फाइल, म्हणजे सिनॅरिओंच्या फाइल, लिहितो. पण एकही माणूस ती वाचत नाही. मग साध्या जेयुनिटमध्ये, म्हणजे थेट जावा कोडमध्ये टेस्ट लिहिल्या तर काय बिघडलं? सोबत एक नमुना पाठवते. यातल्या ७०४ या फ्लॅटचं एरवीचं बिल ४,२०० रुपये आहे, त्यात १,२०० मालमत्ता कर.
— एक वाचक, ठाणे

त्यांचा नमुना असा:

जर मी लॉगिन पानावर आहे
आणि मी ‘युजरनेम’ चौकटीत ‘अ‍ॅडमिन’ लिहिते
आणि मी ‘लॉगिन’ बटण दाबते
आणि मी ‘सदस्य’ मेनू उघडते
आणि मी ‘७०४’ शोधते
आणि मी ‘भाडेकरू’ चौकटीवर टिक करते
जेव्हा मी ‘बिल तयार करा’ बटण दाबते
मग मला ‘४,६२०’ दिसते

उत्तर: आधी शेवटची ओळ बघा. ४,२०० चे १० टक्के ४२०, म्हणून ४,६२०. म्हणजे तुम्ही नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (सदनिका भाड्याने दिल्यावर लागणारं बिनभोगवटा शुल्क) सगळ्या बिलावर लावले आहेत. महाराष्ट्र सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नाहीत. ७०४ चं सेवाशुल्क ३,००० आहे, त्यामुळे शुल्क ३०० आणि बिल ४,५००. तुमची टेस्ट हिरवी आहे, पण ती दरमहा १२० रुपये जादा वसूल करण्यावर शिक्कामोर्तब करते आहे.

तुमच्या टीमला हे दिसलं नाही, आणि सेक्रेटरींना फाइल दाखवली असती तरी दिसलं नसतं. आठ ओळींत बटणं आहेत, चौकटी आहेत, मेनू आहे, पण ३,००० नाही, १,२०० नाही आणि नियम तर कुठेच नाही. सेक्रेटरींनी यात वाचायचं काय? त्यांना ‘लॉगिन’ बटणात रस नाही. त्यांना रस आहे तो वार्षिक सभेत कुणी उठून ‘हे ४२० कुठून आले’ असं विचारलं तर काय सांगायचं यात.

हेच पुन्हा असं लिहा:

नियम: भाड्याने दिलेल्या सदनिकेला सेवाशुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क लागते

परिदृश्य: मालमत्ता कर शुल्काच्या हिशेबात धरला जात नाही
जर सदनिका ७०४ भाड्याने दिलेली आहे
आणि तिचे सेवाशुल्क ३,००० रुपये आणि मालमत्ता कर १,२०० रुपये आहे
जेव्हा महिन्याचे बिल तयार होते
मग बिनभोगवटा शुल्क ३०० रुपये लागते
आणि एकूण बिल ४,५०० रुपये होते

परिदृश्य: मालकाची विवाहित मुलगी राहत असल्यास शुल्क नाही
जर सदनिका ७०५ मध्ये मालकाची विवाहित मुलगी राहते
जेव्हा महिन्याचे बिल तयार होते
मग बिनभोगवटा शुल्क लागत नाही

आता हे अकाउंटंटला फोनवर वाचून दाखवा. दुसऱ्या परिदृश्याला ते ‘बरोबर’ म्हणतील आणि लगेच विचारतील, ‘आणि फ्लॅट नुसताच कुलूपबंद असेल तर?’ तुमचं तिसरं परिदृश्य त्यांनीच लिहून दिलं की नाही? बीडीडीचा सगळा मोबदला या प्रश्नात आहे.

डॅन नॉर्थ यांनी २००३ च्या सुमारास ही पद्धत मांडायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. क्रिस मॅट्स यांच्याबरोबर ‘दिलेलं असताना, घडतं तेव्हा, मग’ हा साचा त्यांनी बसवला, तोही बोलणं नेमकं व्हावं म्हणून. क्युकंबर त्यानंतर, २००८ मध्ये, आस्लाक हेलेसॉय यांनी आणलं. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी टूल आधी येतं आणि बोलणं राहूनच जातं.

बोलायचं कसं, तर मॅट विन यांची ‘एक्झाम्पल मॅपिंग’ ही पद्धत मला फार उपयोगाची वाटते. टेबलाभोवती तिघं: ज्याला धंदा कळतो तो, डेव्हलपर आणि टेस्टर. पिवळ्या कार्डावर गोष्ट (हाती घेतलेलं एक काम), निळ्यावर नियम, हिरव्यावर उदाहरणं, आणि ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही तो प्रश्न लाल कार्डावर. पंचवीस मिनिटांत संपवायचं. निळी कार्डं खूप झाली तर गोष्ट मोठी आहे, तोडा. लाल खूप झाली तर काम सुरूच करू नका. या बैठकीत गर्किन लिहायचं नाही, हे महत्त्वाचं. ‘जर’ आणि ‘जेव्हा’ची रचना करत बसलं की अकाउंटंट घड्याळ बघायला लागतात. फाइल नंतर डेव्हलपर आणि टेस्टरने मिळून लिहावी आणि पुढच्या भेटीत वाचून दाखवावी.

मराठीत लिहिता हे मला मनापासून आवडलं. गर्किनला मराठी येतं, फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेचा संकेत दिला की ‘नियम’, ‘परिदृश्य’, ‘जर’, ‘जेव्हा’, ‘मग’, ‘आणि’, ‘पण’ हे सगळे शब्द चालतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तुमच्या सेक्रेटरींसाठी हेच योग्य आहे.

थकबाकीच्या व्याजाचं परिदृश्यही याच धर्तीवर तपासून घ्या. आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के आहे आणि ते सरळव्याज आहे. १०,००० रुपये थकले तर २१ टक्क्यांनी महिन्याचे १७५, आणि दुसऱ्या महिन्याचेही १७५च. कोडमध्ये व्याज मुद्दलात मिळवलं गेलं तर दुसऱ्या महिन्याला १७८ रुपये ६ पैसे येतील. फरक तीन रुपयांचा आहे आणि एका महिन्याच्या टेस्टमध्ये तो कधीच दिसणार नाही. म्हणून तक्त्यात दुसऱ्या आणि बाराव्या महिन्याची ओळ हवीच. हा तक्ता ब्राउझरमधून अजिबात चालवू नका, थेट व्याजाच्या कोडवर चालवा. स्क्रीनसाठी एकच परिदृश्य पुरे: तयार झालेलं बिल सदस्याला उघडता येतं.

आणि जेयुनिटचं विचारलंत ते. अकाउंटंटला बोलवायचं नसेल, वाचून दाखवायचं नसेल, तर खुशाल जेयुनिटमध्ये लिहा. गर्किन हा सांभाळायला लागणारा एक जादा थर आहे आणि तो कुणाशी बोलण्यासाठी वापरला जात नसेल तर टीमवर ओझं आहे. पण तुमच्याकडे माणसं फोनच्या अंतरावर आहेत, म्हणून मी म्हणेन सोडू नका.

प्रश्न: एकाच स्टेपच्या आमच्याकडे सात आवृत्त्या झाल्या आहेत: ‘ग्राहक लॉगिन करतो’, ‘युजर लॉगिन आहे’, ‘मी लॉगिन करून’... नवीन मुलगा आला की आठवी लिहितो. काय करावं?
— एक वाचक, घणसोली

उत्तर: क्युकंबरमध्ये स्टेप डेफिनिशन (स्टेपच्या ओळीमागचा कोड) सगळ्या फाइलींना सामायिक असतात, मात्र बरीच मंडळी प्रत्येक फीचर फाइलला जोडून स्वतंत्र स्टेप फाइल करतात आणि मग शेजारच्या फाइलमध्ये काय आहे ते कुणाला कळत नाही. विषयाप्रमाणे फाइल करा: ग्राहक, बिल, पेमेंट. क्युकंबरच्या जावा आवृत्तीत ‘युसेज’ आणि ‘अनयुज्ड’ असे दोन रिपोर्ट मिळतात. कुठली स्टेप किती वेळा वापरली, किती वेळ खाल्ला आणि कुठली पडूनच आहे, ते त्यात दिसतं. पडलेल्या आधी काढा. उरलेल्या सातांपैकी धंद्यातली माणसं जसं बोलतात ती एक ठेवा आणि बाकी सहांच्या फीचर फाइल हाताने बदला. दोन दिवस जातील, पण काम कायमचं मिटेल.

एका स्टेपमधून दुसरी स्टेप बोलवू नका. समान काम साध्या मेथडमध्ये काढा आणि दोन्ही स्टेप तिला हाक मारू देत. स्टेपचं शरीर दोन-तीन ओळींचंच असावं. लोकेटर (पानावरचं बटण किंवा चौकट शोधायचा पत्ता), क्लिक, वेट हे सगळं त्याखालच्या पेज ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे त्या एका पानाचा तपशील सांभाळणाऱ्या क्लासमध्ये. मग ‘जमा करा’ बटण उजवीकडून डावीकडे गेलं तरी एकच जागा बदलावी लागते. लोकेटरसाठी डेव्हलपरकडून टेस्टसाठी वेगळं आयडी मागून घ्या. लांबलचक एक्सपाथ (पानाच्या रचनेतून त्या घटकापर्यंतची वाट) लिहून काढण्यापेक्षा स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, एकदा मागणं सोपं.

प्रश्न: आम्ही डॉटनेटवाले. स्पेकफ्लो, म्हणजे आमच्याकडचं क्युकंबर, बंद झालं म्हणतात, आता सगळं पुन्हा लिहायचं का?
— एक वाचक, वागळे इस्टेट

उत्तर: नाही. स्पेकफ्लोचा अधिकृत आधार २०२४ च्या अखेरीस संपला, हे खरं. पण त्याच्याच मुक्त कोडवरून रेक्नरोल नावाचा प्रकल्प उभा आहे, आणि तो स्पेकफ्लोच्या मूळ कर्त्यानेच सुरू केला आहे. फीचर फाइल आहेत तशा चालतात. पॅकेज आणि कोडमधले नेमस्पेस (नावांचे गट) बदलावे लागतात. एका छोट्या प्रोजेक्टवर करून बघा, मग बाकीचे.

प्रश्न: ताई, मी कळव्याची. बीएससी आयटी झालंय, मॅन्युअल टेस्टिंगची पहिली नोकरी लागलीय. ऑटोमेशनसाठी कोडिंग यायलाच हवं का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कळवा

उत्तर: कोडिंग यायला हवं, आणि ते येतं. एक भाषा धर, जावा किंवा पायथन, आणि वर्षभर तीच. पण तुझ्या हातात आज जे आहे ते कमी लेखू नकोस. मॅन्युअल टेस्टिंग करताना ‘असं झालं तर?’ हा प्रश्न सुचण्याची सवय लागते आणि चांगला सिनॅरिओ त्यातूनच निघतो. उत्तम कोड लिहिणाऱ्या अनेकांना तो प्रश्न सुचत नाही.

सुरुवातीला ब्राउझर नको. रोज लोकलने जातेस ना, तिथला नियम घे: अनारक्षित प्रवासात पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच पूर्ण ते बारा वर्षांखालच्याला अर्धं, त्यापुढे पूर्ण. आता उदाहरणं काढ. सात वर्षांचा मुलगा घेऊन काही हाती लागणार नाही, तो मधोमध आहे. चार वर्षं अकरा महिने, बरोबर पाच, अकरा वर्षं अकरा महिने, बरोबर बारा, या चार ओळी हव्यात. मग विचार: जन्मतारीख २९ फेब्रुवारी असेल तर साध्या वर्षी वाढदिवस कुठला धरायचा? उत्तर माहीत नसेल तर ते तुझं लाल कार्ड, कोडमध्ये मनाने काही ठरवायचं नाही.

हे मराठी गर्किनमध्ये लिही. मागे दहा-पंधरा ओळींची एक मेथड लिही, वय घेऊन तिकिटाचा प्रकार सांगणारी. आधी टेस्ट लाल दिसू दे, मग मेथड पूर्ण करून हिरवी कर. आणि एकदा मुद्दाम ‘पाचपेक्षा लहान’च्या जागी ‘पाच किंवा लहान’ अशी अट लिहून बघ, नेमकी कुठली ओळ लाल होते ते. कुठलीच झाली नाही तर तुझ्या तक्त्यात एक ओळ कमी आहे. हे जमलं की मला लिही, पुढच्या पत्रात स्क्रीनकडे वळू.